शनिवारची वही, सोमवारचं सभागृह

विधिमंडळाचं अधिवेशन संपलं की एक वाद ठरल्यासारखा उगवतो. एका बाजूला शहरातले वैतागलेले लोक म्हणतात, "आमदाराचं काम कायदे करणं. हे लग्नं, दशक्रिया आणि उद्घाटनं करत फिरतात आणि सभागृहात बाकं रिकामी." दुसऱ्या बाजूला तहसीलची पायरी झिजवणारे म्हणतात, "तुमच्या कायद्यानं आमचं काय होणार? जो फोन उचलतो तो आमदार." दोन्हीकडे टाळ्या पडतात आणि विषय पुढच्या अधिवेशनापर्यंत झोपी जातो. मला वाटतं, दोघंही एकच चूक करतात. लोकांची गाऱ्हाणी हे एक काम आणि कायदा हे दुसरं, असं धरून ते भांडतात. आठवड्याचे दिवस सातच, तेव्हा कुठल्या कामाला किती द्यायचे एवढाच मग प्रश्न उरतो. ही दोन कामं आहेत हेच मला मान्य नाही. गाऱ्हाणं हा कायद्याचा कच्चा माल आहे. गटाराची तक्रार आमदारानं जरूर ऐकावी. ती एका फोनवर मिटवून तिथेच संपवतो, तिथे तो चुकतो.

मागे एका नातेवाइकाच्या कामासाठी एका आमदाराच्या संपर्क कार्यालयात शनिवारी सकाळी तीनेक तास बसलो होतो. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, आत टेबलावर लेटरहेडचे दोन पॅड, शिक्का आणि एक जाड रजिस्टर. आमदार गावात नव्हते. सगळा कारभार पीएकडे. माझ्या आधी धोतर-टोपीतले एक आजोबा होते. सातबारा संगणकावर चढवताना त्यांच्या वडिलांचं नाव चुकलं होतं, आणि त्या एका अक्षरापायी पीककर्ज अडलं होतं. तलाठ्याकडे चार खेपा झाल्या होत्या. पीएनं फोन लावला, "साहेबांच्या ऑफिसातून बोलतोय," मग थोडं हसणं, थोडी चौकशी आणि शेवटी, "बाबा, मंगळवारी जा. नायब तहसीलदारांना भेटा आणि आपलं नाव सांगा." चार मिनिटांत काम झालं. आजोबांनी हात जोडले. पीएनं रजिस्टरमध्ये नाव, गाव, मोबाइल आणि काम लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात 'फोन केला' असं नोंदवून पान उलटलं. उलटण्याआधी मी डोकावलो. त्या पानावरच्या वीसेक नोंदींपैकी सात-आठ सातबाऱ्याच्याच होत्या.

आता गंमत पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या कलम १५५ मध्ये अशा लेखनप्रमादाच्या दुरुस्तीची सोय आहे, आणि व्यवहारात तो अधिकार तहसीलदार वापरतात. म्हणजे आजोबांना जे मिळालं ते कायद्यानं त्यांचंच होतं. फोननं फक्त एवढं केलं की त्यांचा हक्क त्यांना उपकार म्हणून मिळाला. आणि रजिस्टरवरच्या त्या सात-आठ नोंदींचं काय? एका पानावर सात-आठ, तर तालुक्यात किती? ही काही एका तलाठ्याची आळशी बोटं नव्हेत. संगणकीकरण करताना तपासणी कशी झाली, दुरुस्तीचे अर्ज कुठे साचतात, त्यासाठी माणसं किती आणि मुदत कोणती, हा सगळा धोरणाचा प्रश्न त्या रजिस्टरमध्ये आयता मांडून ठेवला होता. सभागृहात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं असा प्रश्न, विचारायला यापेक्षा जास्त काय लागतं? पण शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'फोन केला.'

इथे फोनवाल्यांचा पहिला मुद्दा येतो, आणि तो खराच जोरदार आहे. ज्याला तहसीलदार ओळखतो, ज्याचा भाचा मंत्रालयात आहे, ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे आहेत, त्याला आमदाराची गरज नसते. आमदाराच्या दारात बसतो तो ज्याला दुसरं कुठलंच दार नाही. त्याला "संस्थात्मक यंत्रणेकडे जा" असं सांगणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याच्या वर्गाचं माहितीपत्रक देणं. बरं, यंत्रणा नाहीत असंही नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांकडे लोकशाही दिन असतो. २०१५ पासून महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण शनिवारच्या त्या रांगेतल्या कुणालाही मी या कायद्याबद्दल बोलताना ऐकलं नाही. कायदा कागदावर, फोन कानाला. अशा वेळी आमदारानं फोन करू नये असं म्हणायची माझी छाती नाही. आजोबांचं कर्ज मंगळवारी सुटलं पाहिजे, सभागृहाच्या कामकाजाची वाट पाहत नव्हे.

माझी तक्रार फोननंतरच्या शांततेबद्दल आहे. मुदतीचा कायदा असताना माणूस आमदाराकडे का येतो? त्या कायद्याखाली आपल्या तालुक्यात किती अपिलं झाली, किती दंड झाले, दंड होतच नसेल तर का, हे सरकारला विचारायला आमदाराला कुणाची परवानगी लागत नाही. मग तो का विचारत नाही? एक उत्तर कटू आहे. यंत्रणा आपोआप चालायला लागली तर शनिवारची रांग आटेल. रांग आटली तर हात जोडणारे आटतील. नादुरुस्त व्यवस्था ही काही राजकारण्यांची बिनव्याजी ठेव असते. सगळ्याच आमदारांच्या मनात हा हिशेब असतो असं मी म्हणणार नाही. बहुतेकांना तर श्वास घ्यायला फुरसत नसते. पण हिशेब मनात असो वा नसो, परिणाम तोच होतो.

दुसरा एक नमुना असा, की जिथे फोन चालतच नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. शेतीचे न परवडण्याइतके बारीक तुकडे होऊ नयेत हा त्याचा हेतू चांगलाच होता. पण शहरं पसरली, शेताच्या बांधावर वस्त्या झाल्या, आणि नोकरदारांनी, कामगारांनी, निवृत्त शिपायांनी घरापुरते एक-दोन गुंठे घेतले. प्रमाणभूत, म्हणजे कायद्यानं ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा कमी, म्हणून दस्ताची नोंदणी अडकली. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं, घर बांधलं, पण सातबाऱ्यावर नाव नाही. नाव नाही म्हणून कर्ज नाही, बांधकामाला परवानगी नाही. हा गुंठेवाला माणूस राज्यातल्या शहरांलगतच्या प्रत्येक आमदाराच्या दारात वर्षानुवर्षं येऊन गेला असणार. त्याच्यासाठी तहसीलदाराला फोन करून उपयोग नव्हता, कारण अडथळा माणसाचा नव्हता, कलमाचा होता. त्याला दिलं काय गेलं? बहुधा चहा आणि "बघू" हा शब्द. २०१७ च्या दुरुस्तीत बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम भरून असे व्यवहार नियमित करण्याची वाट निघाली, पुढे ती रक्कम ५ टक्क्यांवर आली, आणि २०२५ मध्ये सरकारनं आणखी मोकळीक जाहीर केली. उशिरा का होईना, गाऱ्हाण्याचा कायदा झाला. मधल्या काळात एक आख्खी पिढी स्टॅम्पपेपर कपाटात जपत म्हातारी झाली. "कायद्यानं आमचं काय होणार" असं म्हणणाऱ्यांनी या गुंठेवाल्याला विचारावं.

आता वळतो कायदेवाल्यांकडे, कारण त्यांची चूक जास्त सभ्य आणि म्हणून जास्त फसवी आहे. त्यांच्या डोळ्यांपुढे आमदार म्हणजे कलमांवर अभ्यासपूर्ण भाषण करणारा गृहस्थ. मत पडलं, विधेयक झालं, काम संपलं. पण या भूमीतलं सर्वांत बोलकं उदाहरण याच्या उलट सांगतं. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. म्हणजे कागदोपत्री सगळं पार पडलं. पाणी मात्र मिळालं नाही. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांना हजारोंसह त्या तळ्यावर जावं लागलं, आणि तरीही हल्ला झालाच. ठराव आणि ओंजळ यांच्यात साडेतीन वर्षं गेली, आणि पुढचा कोर्टाचा लढा तर आणखी दहा वर्षं चालला. पण बोल्यांचं श्रेय मला वेगळ्याच गोष्टीत दिसतं. १९२६ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि त्यांनी मागणी केली की जी नगरपालिका किंवा लोकल बोर्डं हा ठराव अमलात आणत नाहीत त्यांचं अनुदान बंद करा. विहिरीवर अजूनही हाकललं जातं हे त्यांना कुठून कळलं असेल? सभागृहाच्या ग्रंथालयातून नक्कीच नाही. लोकांत वावरणाऱ्यालाच ते कळतं. गाऱ्हाणी ऐकणं हे कमी प्रतीचं काम मानणारा आमदार १९२३ च्या ठरावावर खूश राहिला असता.

रोजगार हमीचंही तसंच. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून, आणि देशाचा रोजगार हमी कायदा यायला २००५ उजाडलं. पण त्याची सुरुवात सचिवालयातल्या टिपणीनं झाली नाही. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, सभागृहातलं सर्वोच्च आसन त्यांच्याकडे होतं, आणि त्यांनी विचार सुरू केला तो त्यांच्या सांगली भागातल्या कोरडवाहू माणसापासून, ज्याचं म्हणणं एवढंच होतं की हाताला काम द्या. १९७२ च्या दुष्काळानं ती कल्पना राज्यभर नेली. पाग्यांनी त्या माणसापुरतं कुठल्या तरी मुकादमाला सांगून काम लावून दिलं असतं तर? त्या माणसाचं भलं झालं असतं आणि विषय तिथेच मिटला असता.

मृणाल गोरे यांना मुंबई ओळखते 'पाणीवाली बाई' म्हणून. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर नळ-गटारवाल्या. पाण्यासाठी हंडे घेऊन बायकांचे मोर्चे काढणारी ही बाई १९७२ मध्ये आमदार झाली. आणि ऐंशीच्या दशकात गर्भलिंग चाचणीविरुद्ध विधानसभेत अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, मांडणारीही हीच. १९८८ मध्ये महाराष्ट्रानं तसा कायदा केला, देशात पहिला. केंद्राला १९९४ पर्यंत वेळ लागला. हंड्याचा मोर्चा काढणारी बाई आणि विधेयक मांडणारी बाई यांत कायदेवाल्यांनी कोणती निवडली असती? प्रश्नच चुकीचा आहे. बायकांच्या घरात काय चाललंय हे तिला हंड्याच्या रांगेतच कळलेलं असणार.

फोनवाल्यांचा दुसरा मुद्दा व्हिपचा, म्हणजे मत कसं द्यायचं या पक्षाच्या आदेशाचा. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आलं. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं तर आमदारकी जाते. मग विधेयकावर डोकं खपवून काय उपयोग, हात तर पक्ष सांगेल तेव्हाच वर करायचा. हे मी निम्मं मान्य करतो. या दुरुस्तीनं आमदाराचं मत गहाण पडलं हे खरंच आहे, आणि अशासकीय विधेयकं शुक्रवारी मांडली जाऊन तिथेच विरतात हेही खरं. पण परिशिष्ट नीट वाचा. ते मतदानाला बांधतं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना, अर्धा तास चर्चा, आश्वासन समितीत "मंत्रिमहोदयांनी दिलेल्या शब्दाचं काय झालं" असं विचारणं, लोकलेखा समितीत सचिवाला समोर बसवून खर्चाचा जाब घेणं, यातल्या कशालाच दहावं परिशिष्ट हात लावत नाही. व्हिप हे खरं बंधन आहे, पण बऱ्याचदा ते सोयीचं निमित्तही असतं.

आणि पैशाचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. आमदाराला स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. त्यातून सभामंडप, हायमास्ट, पेव्हर ब्लॉक. प्रत्येकावर नावाची पाटी. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ मिळून ३६६ सदस्य, म्हणजे सगळ्यांचा मिळून निधी १,८३० कोटी. जुलै २०२४ च्या अधिवेशनात सरकारनं पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पावरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या त्या सुमारे ९४,८८९ कोटींच्या. पन्नास पटींहून जास्त. त्या एका अधिवेशनातल्या एका कामाच्या. कुठल्या वाडीत पेव्हर ब्लॉक लागणार यावर आमदाराचा आख्खा दिवस जातो, आणि त्या ९४ हजार कोटींतलं आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला काय आलं, हे वाचायला? पाटी पाच कोटींवर लागते म्हणून लक्षही तिथेच जातं. मतदारसंघाचं भलंच करायचं असेल तर मोठं ताट सभागृहात वाढलेलं असतं.

ताटावर लक्ष नसलं की काय होतं याचं उदाहरण बिहारचं आहे, पण ते शोधलं पुण्यात. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डी. सी. वाधवा यांनी कागद चाळले तेव्हा दिसलं की १९६७ ते १९८१ या काळात बिहारमध्ये २५६ वटहुकूम, म्हणजे सभागृह भरलेलं नसताना काढायचे तात्पुरते कायदे, पुन्हा पुन्हा काढले गेले होते. काही तर चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवलेले. म्हणजे विधानसभेपुढे न नेता कायदे चालू होते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा घटनेशी केलेला कपटव्यवहार ठरवला. मला या प्रकरणात न्यायालयापेक्षा एका गोष्टीचं नवल वाटतं. त्या चौदा वर्षांत बिहारच्या विधानसभेत कितीतरी आमदार आले-गेले. आपल्या नावावर जे काम आहे ते दुसराच कुणी रात्रीतून करून जातोय, हे सभागृहाबाहेरच्या एका संशोधकाला दिसावं? ते आमदार काय करत असतील याची कल्पना मी करू शकतो. कार्यालयात बसून लेटरहेडवर सह्या करत असतील, आणि लोक त्यांना दुवा देत असतील.

गटाराबद्दलचा एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि तो मी कायदेवाल्यांच्या खात्यात जमा करतो. गटार नगरसेवकाचं, गावरस्ता ग्रामपंचायतीचा, शाळेची गळकी खोली जिल्हा परिषदेची. पंचायती आणि नगरपालिकांना बळ देणाऱ्या त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्या याचसाठी झाल्या. पण मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची तीन वर्षांहून जास्त तिथे प्रशासक बसला. राज्यातल्या कितीतरी महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदांची हीच गत झाली. नगरसेवकच नसेल तर माणसानं तुंबलेलं गटार कुणाच्या दारात न्यायचं? त्या काळात "आमदारानं गटार बघू नये" हे वाक्य घरात नळ असलेल्यांनाच शोभत होतं. मात्र त्याच काळात आमदारांनी निवडणुका लांबल्या म्हणून सभागृह डोक्यावर घेतल्याचं मला तरी आठवत नाही. नगरसेवक नाही म्हणजे त्याच्या वाटणीचे हात जोडणारेही आपल्याकडेच, हे काय वाईट?

राहिला निवडणुकीचा मुद्दा: सभागृहात रमणारा पडतो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले. एसटीनं फिरणारा, दुष्काळी तालुक्याच्या पाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं सभागृहात लावून धरणारा माणूस. दोनदा पडलेही, पण लोकांनी परत आणलं. एका उदाहरणानं नियम सिद्ध होत नाही हे मला कळतं, आणि देशमुखांचा पक्ष, तालुका, काळ सगळंच वेगळं होतं. पण मतदाराला फक्त फोनच कळतो असं म्हणणाऱ्यांनी सांगोल्याचं काय करायचं ते सांगावं. मतदाराला पाणी कळतं. ते फोननं आलं की प्रश्नोत्तराच्या तासातून आलं हे त्याला समजावून सांगणं, हे राजकारण्याचंच काम.

मग करायचं काय? माझी मागणी फार छोटी आहे, जवळजवळ कारकुनी. शनिवारच्या त्या रजिस्टरला आणखी एक रकाना असावा: हे गाऱ्हाणं माणसामुळे, नियमामुळे की पैशामुळे? माणसामुळे असेल तर फोन करा, खुशाल करा. नियमामुळे असेल तर प्रश्न लावा, पैशामुळे असेल तर पुरवणी मागण्यांत बोला. महिन्याच्या शेवटी बेरीज करा. पीएचा पगार सरकार देतं, म्हणजे तो आपणच देतो. त्याच्याकडून बेरजेची अपेक्षा करणं काही जुलूम नाही.

त्या शनिवारी निघताना मी पीएला विचारलंच, "हे रजिस्टर भरलं की काय करता?"

"नवीन आणतो."

"आणि जुनं?"

त्यानं टेबलाखाली पायानं काहीतरी सरकवलं. पाच-सहा जाड रजिस्टरं होती, सुतळीनं बांधलेली. "साहेब म्हणतात ठेव, निवडणुकीला मोबाइल नंबर लागतात."